रिकाम्या पलंगाचं माप

बाजारात तिला सगळे मऊबाई म्हणायचे, आणि त्या नावाला तिच्या स्वभावाचा काडीइतकाही आधार नव्हता. नाव मिळालं होतं गाद्यांमुळे. तिच्या हातच्या गादीवर पाठ टेकली की माणूस बोलता बोलता अर्ध्या वाक्यातच गप्प व्हायचा. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ती मालाचं कौतुक करत बसायची नाही. गिऱ्हाइकाचा हात धरायची, गादीवर दाबायची, आणि तो मनगटापर्यंत आत जाताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पुढचं बोलणं बहुतेक वेळा घरपोच कधी पाठवायची याबद्दलच व्हायचं.

मऊपणाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि इतरांनी ते विसरू नये याचीही ती काळजी घ्यायची. दुकानाचे नियमही तिचेच. त्यातला पहिला म्हणजे तयार गादीवर गिऱ्हाइकाआधी कोणी टेकायचं नाही. माप घ्यायचं ते गादी रिकामी, झटकलेली, फुगून वर आलेली असताना. माणूस बसला की माप बिघडतं, असं ती म्हणायची. असं माप घेऊन तिने अख्ख्या बाजाराला झोपवलं होतं आणि कुणाचीही गादी पलंगाला कमी-जास्त झाली नव्हती.

अशा बाईच्या लेकीला दिवस गेले, तेव्हा बाळ मुलगा होणार की मुलगी यापेक्षा ते कशावर झोपणार याचीच बाजारात जास्त चर्चा झाली. समोरच्या पडद्यांच्या दुकानाची मालकीण तर रोज रस्ता ओलांडून चौकशीला यायची. पडदेवालीच्या जिभेला हाड नव्हतं. लेकीच्या लग्नात मऊबाईने जी गादी दिली होती, ती बघायला या बाईने सात-आठ जणींना बरोबर नेलं होतं आणि प्रत्येकीला तिच्यावर बसवलं होतं. आता ती म्हणायची, की लेकीला दिलं ते पाहिलं, नातवंडाला काय देताय ते बघायला सगळ्या जणी येणार आहोत. मऊबाई वरकरणी हूं का चूं करायची नाही. पण मनात तिने ठरवून टाकलं होतं, की बघायला येतील त्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत.

तिने बाळासाठी गादी केली. कापूस इतका पिंजला, की हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटू नये. गादीच्या चारी बाजूंनी लावायला छोटे छोटे लोड शिवले, तळहाताएवढी उशी केली, वर एक रजई. सगळं पिवळ्या सुती कापडात. आपल्या कामावर ती स्वतः कधी भाळत नसे, पण हे गाठोडं तिने दिवसातून दोनदा तरी सोडून पाहिलं.

लेकीने ते पाहिलं, हात लावला, सुंदर झालंय म्हणाली, आणि यातलं काहीही आपल्या बाळाच्या अंथरुणात जाणार नाही असं त्याच दमात सांगून टाकलं.

त्याचं असं झालं होतं, की लेक दवाखान्यातल्या वर्गाला जात होती. तिथली नर्स होणाऱ्या आयांना एकेक गोष्ट समजावून सांगायची आणि लेक ती घरी येऊन घोकायची. बाळ पहिले काही महिने आईबापाच्या खोलीत झोपावं, पण त्यांच्या पलंगावर नको, शेजारी स्वतःच्या जागेत. दर वेळी उताणं निजवावं. गादी कडक, सपाट आणि कॉटमध्ये गच्च बसणारी. उशी, लोड, रजई, मऊ खेळणी यांतलं काहीही आत नको, कारण एवढ्याशा जिवाचं नाक त्यात बुडालं तर त्याला मान वळवता येत नाही. लेकीच्या मनात ही गोष्ट अगदी पक्की बसली होती, आणि त्यामागे तिचं स्वतःचं एक भय होतं. तिची झोप गाढ. लहानपणापासून तिला उठवायचं म्हणजे दोघांचं काम. बाळ आपल्या पलंगावर आलं आणि आपल्याला कळलंच नाही तर, असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारायची. म्हणून तिने आणि जावयाने पलंगाला जोडायची कॉट आणली होती. तीन बाजूंना जाळीच्या भिंती, चौथी बाजू बुटकी आणि आईच्या पलंगाला लागून. लांब पट्टे पलंगाच्या गादीखालून पलीकडे नेऊन आवळायचे, की कॉट पलंगाला चिकटून बसते. बाळ हाताच्या अंतरावर आणि तरी आपल्या जागेत. कॉटबरोबर तिची स्वतःची गादीही आली होती, पातळ, करड्या रंगाची.

मऊबाईने त्या गादीवर हात दाबला. हात आत गेलाच नाही.

"हा पुठ्ठा आहे," ती म्हणाली. "माझं नातवंड पुठ्ठ्यावर झोपणार? आणि हे मी बाजारात सांगू?"

लेकही आईवर गेलेली. तिने सांगितलं, की झोपायचं आहे बाळाला, बाजाराला नाही. झालं, मऊबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या जन्मात आपण हजारो माणसांची झोप शिवली आणि आता कालची नर्स आपल्याला गादी शिकवणार, असं बरंच काही ती बोलली, आणि मग दोन दिवस तिने अबोला धरला. हा अबोला लेकीपेक्षा तिलाच जड गेला, कारण बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ साठलं होतं.

तिसऱ्या दिवशी जावयाने मध्यस्थी केली. जावई चष्मे करायचा. काच केसभर इकडची तिकडे झाली तर माणसाला गरगरतं, त्यामुळे मोजमाप हा त्याचा धर्म होता, आणि या एका बाबतीत सासू-जावयाचं छान जमायचं. कॉट पलंगाला लावायची होती. त्याने मोठ्या खुबीने सासूबाईंनाच बोलावलं. गादीतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं, म्हणाला. मऊबाई आली, आणि येताना पिवळं गाठोडं आणायला विसरली नाही. ते तिने दाराआडच्या खुर्चीवर ठेवून दिलं. बाळ पहिल्यांदा रडलं की पोरीचा सगळा वर्ग वाहून जाणार आणि ती आपणहून गाठोडं मागणार, अशी तिची खात्री होती.

लेक तेव्हा पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. दिवस भरत आले होते, पाय सुजलेले. मऊबाईने तिला उठवलं.

"ऊठ गं, माप बिघडेल," ती म्हणाली.

लेक बिचारी उठून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. मऊबाईने लग्नातली गादी झटकली, थोपटली, कडा ओढून सरळ केल्या. गादी ऊन खाल्लेल्या मांजरासारखी फुगली. मग जावयाने कॉटच्या पायांचे स्क्रू फिरवले, पट्टी लावली, डोळा बारीक करून पाहिलं, परत फिरवले. कॉटची बुटकी कड आणि पलंगाची गादी एका रेषेत आली. दोन्हींच्या मध्ये फट कुठे दिसेना. पट्टे आवळले. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. मग जावई दुकानात गेला आणि लेक चहा करायला उठली.

मऊबाई खोलीत एकटी राहिली. समोर ती कॉट, तिच्यात तो पुठ्ठा, आणि दाराआड गाठोडं. तिला राहवेना. नुसतं लावून तर बघू, तिने स्वतःला सांगितलं. करडी गादी काढून भिंतीला टेकवली, आपली पिवळी आत घातली, कडेने लोड लावले, उशी ठेवली. एका कोपऱ्यात कापड जरा उसवल्यासारखं वाटलं म्हणून तिथेच दोन टाके घातले आणि दोऱ्याचं रीळ कॉटमध्येच ठेवून ती मागे सरकली. कॉट आता कॉट वाटत होती. पडदेवाली इथे उभी आहे आणि तिला शब्द सुचत नाहीये, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

एवढ्यात लेक चहा घेऊन आत आली. तिने कॉटकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. भांडायचं तिच्यात त्राण नव्हतं. ती चहा खाली ठेवून पलंगाच्या कडेवर बसली, आणि मग हळूच कुशीवर, कॉटकडे तोंड करून आडवी झाली.

ती आडवी झाली तशी ती बाजारभर गाजलेली गादी तिच्याखाली बसली. मधे बसलीच, पण कडेला जास्त बसली, कारण कडेला मऊबाईने कापूस सगळ्यात हलका भरला होता, पाय सोडून बसणाऱ्याच्या मांड्यांना रुतू नये म्हणून. पिवळी गादी मात्र जाड, बुटक्या कडेच्याही वर आलेली. पलंगाचा आधार जाताच ती आणि तिच्यावरचा लोड तिकडे कलले; रीळ हललं, उताराला लागलं, कललेल्या लोडावरून पुढे आलं आणि दोन अंथरुणांच्या मध्ये दिसेनासं झालं.

मऊबाईने ते उचलायला हात घातला. मघाशी जिथे फट नव्हती तिथे तिचा हात बोटांनी शिरला, मग तळव्याने, मग मनगटापर्यंत. रीळ खाली कुठेतरी बोटांना लागत होतं. त्याच वेळी लेकीने सुस्कारा सोडून जरा पुढे अंग टाकलं, आणि गादीची ती मऊ कड त्या हातावर येऊन बसली. मऊबाईने हात ओढला. तो आला नाही.

दुखत मुळीच नव्हतं. तिला नंतर सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलं. हाताला सगळीकडून कापूस लागत होता, तिनेच पिंजलेला, तिनेच भरलेला, आणि हात हलवावा तसा तो तिथे जास्तच बसत होता. लेकीचा चेहरा वीतभर अंतरावर होता. डोळे मिटलेले. तिला काहीही कळलेलं नव्हतं. हाताच्या जागी जे असू शकलं असतं, त्याला ओढून घ्यायला ताकद नसती आणि हाक मारायला शब्द नसता. कशाला न भिणारी ही बाई त्या भर दुपारी, स्वतःच्याच हाताला धरून, भ्यायली.

"आई, काय झालं?" लेकीने डोळे उघडून विचारलं. आई इतका वेळ गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिला मिटल्या डोळ्यांनीही कळलं असावं.

"काही नाही. उठू नकोस, आहेस तशीच पड," मऊबाई म्हणाली. "माप घेतेय."

तिने दुसऱ्या हाताने कड उचलून आपला हात सोडवला. मग फट पुन्हा एकदा, उशाकडून पायथ्यापर्यंत, बोटांनी चाचपली. माणूस बसला की माप बिघडतं, असं ती जन्मभर म्हणत आली होती. पण पलंग माणसासाठी असतो. रिकाम्या पलंगाशेजारी कुठलं बाळ झोपणार होतं? मघाशी ज्या पोरीला तिने हुसकून खुर्चीवर बसवलं, खरं माप तर तिचंच होतं. मऊबाई स्वतःवर इतकी चिडली, की दुसरं कोणी समोर असतं तर त्याची धडगत नव्हती.

पण चिडून बसून राहणं तिला जमत नसे. तिने पिवळी गादी, लोड, उशी सगळं काढून गाठोड्यात कोंबलं, करडी गादी परत कॉटमध्ये घातली आणि कॉट पलंगापासून सोडवून भिंतीशी लावून ठेवली. लेक उठून बसली आणि बघत राहिली. मग मऊबाईने तिला काय झालं ते सांगितलं, रिळाचं आणि हाताचं, एकही गोष्ट न झाकता. लेक पांढरी पडली. कॉट परतच करू, म्हणाली, नाहीतर दूर कोपऱ्यात वेगळी ठेवू.

"कॉट शहाणी आहे," मऊबाई म्हणाली. "गादी वेडी आहे. ती माझी आहे, तिचं मी बघते."

संध्याकाळी हातगाडीवर घालून लग्नातली गादी दुकानात आली, आणि ती येताना अख्ख्या बाजाराने पाहिली. पडदेवाली धावत आली. काय झालं, फाटली का, किडली का. मऊबाईने तिला बाजूला सारलं. जाड सुरी घेतली आणि आपल्या आयुष्यातलं सगळ्यात नावाजलेलं काम एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उसवलं. पडदेवालीला ते बघवेना. ती दाराशी उभी राहून अगं अगं करत राहिली, पण गेली मात्र नाही.

मऊ कापूस सगळा बाहेर आला. त्याच्या जागी मऊबाईने काथ्याचे दाबलेले थर घातले, वर कापसाचा एक पातळ, घट्ट बसवलेला पदर. कडेला मात्र तिने जीव ओतला. दाभणाने आणि सुतळीने कड अशी शिवली, टाक्यावर टाका आवळून, की ती भिंतीसारखी उभी राहिली. असं काम तिने कधी केलं नव्हतं. कडक गादी म्हणजे ज्याला येत नाही त्याचं काम, असं ती आजवर समजत होती. आता कळत होतं, की मऊ करायला हात हलका लागतो आणि कडक, सपाट करायला हात अजिबात चुकून चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिची बोटं सोलवटली होती आणि ती भलतीच खुशीत होती.

गादी पलंगावर चढली. मग मऊबाईने हुकूम सोडला, की दोघांनीही झोपायचं. लेक झोपली. जावई मात्र उभाच.

"आई, तुमच्यासमोर कसा पसरू?" तो म्हणाला.

मऊबाईने त्याला सांगितलं, की चष्मा काढा, मी दिसणार नाही. बिचारा बूट काढून हात छातीवर घेऊन पडला. त्या दोघांना तिने कडेला सरकवलं, कुशीवर वळवलं, उठवून बसवलं, परत पाडलं. नंतर स्वतःही कडेवर बसली, आणि तिचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं. कड हलली नाही. तेव्हा कुठे जावयाला पट्टी हातात घ्यायची परवानगी मिळाली. लेक पलंगावर तशीच असताना त्याने पुन्हा स्क्रू फिरवले, पट्टे गच्च आवळले. मऊबाईने उशापासून पायथ्यापर्यंत करंगळी फिरवली. करंगळी कुठेही आत गेली नाही. शेवटी तिने कॉट धरून जोर लावून बाहेर ओढून पाहिली. ती पलंग सोडायला तयार नव्हती.

बाळ होण्याआधी नर्स एकदा घरी येऊन गेली. तिने खोली पाहिली, कॉट पाहिली, सगळं ठीक म्हणाली. मऊबाईने तिला ऐकवलं, की तुमच्या वर्गात एक गोष्ट राहून गेली, आईला पलंगावर झोपवूनच माप घ्यायला सांगा. नर्स हसली. सांगतो आम्ही दर वेळी, म्हणाली, पण घरी जाऊन झोपून कोणी बघत नाही.

मुलगी झाली. घरी आली. पहिल्याच दुपारी लेकीने तिला दूध पाजलं, उचलून कॉटमध्ये उताणी निजवली आणि स्वतः शेजारी आडवी झाली. नातीने रडून पाहिलं, दोन्ही मुठी हलवून पाहिल्या आणि मग ती पुठ्ठ्यावर गाढ झोपली. झोपेच्या बाबतीत ती आईवर गेली होती. मऊबाई दाराशी उभी राहून बघत होती. गाठोडं आणायची आठवण कोणालाच झाली नाही. तिलाही नाही.

बाजारातल्या बायका बाळ बघायला आल्या. पडदेवाली अर्थातच पुढे. बाळ मांडीवर फिरलं, नाक कोणाचं, कान कोणाचे हे ठरलं, आणि मग ज्यासाठी सगळ्या आल्या होत्या तिकडे नजरा वळल्या. कॉटमध्ये करड्या गादीवर ताणून बसवलेली एक पांढरी चादर होती. दुसरं काहीच नव्हतं. पडदेवालीने हात पुढे केला आणि दाबला. तिचा चेहरा पडला. खोलीतल्या सगळ्या जणी मऊबाईकडे बघू लागल्या.

"अहो, हे तर फळीसारखं आहे," पडदेवाली म्हणाली. "हे तुमच्या हातचं?"

"नाही. कॉटबरोबर आलं, तेच ठेवलंय."

"मग नातीसाठी तुम्ही काय केलंत?"

मऊबाई उठली. लेक पलंगावर पडलेलीच होती, कॉटकडे तोंड करून. मऊबाईने पडदेवालीचा हात धरला, गिऱ्हाइकाचा धरायची तसाच, आणि पलंग व कॉट जिथे मिळत होते तिथे नेऊन दाबला. पडदेवालीने बोटं घुसवून पाहिली. मग नखं घुसवून पाहिली. हात वरच्या वर राहिला.

"हे केलं," मऊबाई म्हणाली. "आणि आत काहीही ठेवलं नाही. तेही मीच केलं."

बायकांना ते कितपत कळलं कोण जाणे. दोघी-चौघी जणींनी माना डोलावल्या, पडदेवाली बाहेर पडता पडता म्हणालीच, की बाईंचा हात गेला आता. मऊबाईने ते ऐकलं आणि ती हसली. नात जागी होऊन कुरकुरायला लागली होती. लेकीने पडल्या पडल्याच हात लांब केला, आणि तो बाळापर्यंत पोचला.